मांजरासाठी सूप

ती सूप पीत नव्हती, बाटलीत भरत होती – आणि नेमका तेव्हाच आचारी टेबलापाशी येऊन उभा राहिला.

बाटली खोकल्याच्या औषधाची होती. धुऊन, उकळून, कोरडी केलेली. मांडीवर रुमालाखाली तिने ती घट्ट धरली होती. चार चमचे आत गेले होते, पाचवा वाटेत होता. बाहेर पाऊस भुरभुरत होता, खिडकीच्या काचेवर थेंब एकमेकांना गाठून खाली पळत होते, आणि हॉटेलातला जो तो आपापल्या ताटात गुंग होता. कुणाचं लक्ष जाणार नाही, असा तिचा अंदाज होता.

“पार्सल हवं असेल तर डबा देतो की,” तो म्हणाला. “औषधाची बाटली कशाला?”

पाचवा चमचा हवेतच थांबला.

“मांजरासाठी,” ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

“मांजर टोमॅटोचं सूप पितं?”

“आमचं पितं.”

“अच्छा... गरम, की गार करून?”

“कोमट.”

तो हसला नाही. डाव्या भुवईचं टोक तेवढं जरासं वर गेलं. “नशीबवान मांजर,” म्हणून तो आत वळला. पण दारापाशी पोचल्यावर त्याने मागे पाहिलं – एकदा बाटलीकडे, एकदा तिच्याकडे. त्या बघण्यात थट्टा होती की संशय, हे तिला ठरवता आलं नाही. आणि ठरवता न येणाऱ्या गोष्टी तिला मुळीच आवडत नसत.

ठरवणं हेच तर तिचं काम होतं. अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. पुड्यांवर आणि बरण्यांवर काय छापलंय, आत प्रत्यक्षात काय आहे, ते शोधायचं. चार वर्षांत तिला एवढं कळून चुकलं होतं, की छापलेला आकडा आणि खरा आकडा ही सख्खी भावंडं नसतात. फार तर लांबचे नातेवाईक. आणि या हॉटेलच्या मेनूकार्डावर तर प्रत्येक पदार्थापुढे मीठ, तेल, साखर, सगळं ग्रॅममध्ये छापलेलं! ‘टोमॅटो सूप, एक वाडगा – मीठ १ ग्रॅम.’ हॉटेलच्या सूपात एक ग्रॅम? तिला वाचूनच हसू आलं होतं.

तरी ती आली होती, बाबांसाठी.

बाबांनी तीस वर्षं बस चालवली. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीनेच लाल दिवा दाखवला. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, रक्तदाब आटोक्यात हवा, दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत. त्या दिवसापासून घरातला वजनकाटा तिच्या ताब्यात गेला. बाबा मुकाट्याने जेवायला बसत आणि मुकाट्याने उठत. चार महिन्यांत सहा किलो उतरले. डॉक्टरांनी दोनच सांगितले होते.

“चिमटे,” ते एकदा म्हणाले. लहानपणी ती हाती येईल ती वस्तू चिमटीत धरून उलटीसुलटी करून बघायची, तेव्हापासून घरात हेच नाव पडलं होतं. “मरणाला भीत नाही गं मी. पण या उकडलेल्या भोपळ्याकडे बघत बघत जगायचं, म्हणजे... मला चार माणसांत बसून जेवू दे. भांड्यांचा आवाज येतो, शेजारचा मोठ्याने हसतो, अशा ठिकाणी. तिथे मला भूक लागते.”

म्हणजे गोंगाट हे औषध, आणि गोंगाट असतो तिथलं मीठ हे विष. या दोन्हींच्या मधली जागा शोधणं भाग होतं. म्हणून बाटली.

प्रयोगशाळेतल्या मॅडमची परवानगी काढून जेवणाच्या सुट्टीत तिने सूप तपासलं. गाळलं, पातळ केलं, थेंब थेंब द्रावण सोडत गेली. पिवळ्या पाण्यात विटकरी छटा उमटून टिकली, तिथे हात थांबवला. हिशेब केला. एका वाडग्यात मीठ – ०.९८ ग्रॅम.

ती खट्टू झाली. चक्क खट्टू! चोर पकडायला गेलेल्या माणसाला साव भेटला, की असंच होतं.

पण एकदा खरं बोलला म्हणून माणूस खरा ठरत नाही. शुक्रवारी ती पुन्हा गेली.

या खेपेला सूप घेऊन तो स्वतःच आला. म्हातारा वाढपी बाजूला हात बांधून उभा होता, तरी.

“मांजर कसं आहे?”

“बरं आहे.”

“सूप आवडलं?”

“तक्रार आली नाही.”

तिने ऑर्डर सांगायला सुरुवात केली. नेमाने बाहेर जेवून तब्येत राखायची तर काही नियम पाळावे लागतात, आणि तिचे नियम तिला तोंडपाठ होते. “भाजलेला मासा. सॉस वेगळ्या वाटीत. लोणी नको. बटाट्याऐवजी सॅलड. पावाची टोपली आणू नका. आणली तर माझा हात जातो. आणि गोड काही विचारू नका.”

तो शांतपणे ऐकत होता. “एक विचारू?”

“विचारा.”

“तुम्ही जेवायला येता, की वजाबाकी करायला?”

तिला हसू फुटणारच होतं, तिने ते पाण्याबरोबर गिळलं. “वजाबाकी केली, की जे उरतं ते चांगलं असतं.”

“आणि काहीच नाही उरलं तर?”

“...तर बिल कमी येतं.”

आता मात्र तो हसला. हसताना त्याने मान खाली घातली, आणि कपाळावर आलेली बट मनगटाने मागे सारली. बोटांना पीठ लागलं होतं. तिची नजर बोटांवरून वाडग्यावर गेली. सूपावर पुदिन्याचं एक पान तरंगत होतं. मागच्या वेळी नव्हतं. *दिखाऊपणा,* तिने मनात नोंद केली. *का?*

त्या दिवशीचं मीठ ०.७ निघालं. पुढच्या मंगळवारी ०.५. त्यानंतर ०.४, आणि मग तिथेच स्थिर.

आता तिला खरा संशय आला. छापलंय त्यापेक्षा कमी? लोक वजनात मारतात, भेसळ करतात. कबूल केल्यापेक्षा चांगलं देऊन कोण गप्प बसतं? मिठाऐवजी दुसरं काही घातलंय का, तेही तिने तपासलं. काही नव्हतं. चव मात्र उतरली नव्हती. लिंबू जरा पुढे आलं होतं, भाजलेल्या लसणाचा वास खोल गेला होता. शेवटी तिने निष्कर्ष काढला, की हा माणूस हळूहळू सुधारतोय. छापील आकड्यावर विश्वास न ठेवणारी ती, स्वतःच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विसंबली.

संशय घेण्यासारखं आणखीही काही चाललं होतं, आणि ते बाबांनी हेरलं.

“चिमटे, मंगळवारी आणि शुक्रवारी केस धुतेस हल्ली.”

“मग?”

“नमुना घ्यायला केस धुवावे लागतात का गं?”

“स्वच्छता लागते, बाबा.”

“हं,” बाबा म्हणाले. त्या ‘हं’मध्ये बरंच काही होतं.

पुढच्या सोमवारपासून तिने बाबांना तिथे पाठवलं, आठवड्यातून चार दिवस. सोबत कंडक्टरकाका – बाबांच्याच बसवर वीस वर्षं तिकिटं फाडलेले, आणि अजूनही बाबांनी कुठे वळायचं ते सांगणारे. तिने एकच ताकीद दिली होती, “माझी ओळख सांगायची नाही. ओळख निघाली की वाढणाऱ्याचा हात बदलतो. चारचौघांना मिळतं तेच तुम्हाला मिळायला हवं.”

बाबा बदलले. गालांवर मांस दिसू लागलं. आल्या आल्या तिथल्या गोष्टी सांगत. दुपारचं जेवण इतकं अळणी म्हटल्यावर तिनेही रात्रीचा हात सैल सोडला. पावाबरोबर चीजचा तुकडा, अंड्यावर चिमूटभर मीठ... बाबांनी तो चीजचा तुकडा दिव्यापुढे धरून पाहिला होता, खरा आहे की कसं!

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब मागच्या वेळी एकशे बत्तीस होता. आज एकशे छप्पन्न.

“बाहेर खाता?” डॉक्टरांनी विचारलं.

बाबांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने जमिनीकडे.

“बंद करा. ताबडतोब.”

रात्री भोपळ्याचं ताट पुढे आलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “तू मोजलं होतंस ना गं?”

त्यात राग नव्हता, म्हणूनच ते लागलं. रात्रभर ती त्या आकड्यांशी भांडत राहिली. ०.४... ०.४... ०.४... आणि पहाटे लख्ख उजेड पडला. पान! बाटली घेऊन येणारी बाई कोण ते त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. तपासणीवाली! मग काय, हिच्या वाडग्यात गोड बोलणं आणि कमी मीठ, बाकीच्यांच्या वाडग्यात मन मानेल तसं. ती भुवई, ते हसू, ‘मांजर कसं आहे’... सगळा बनाव!

छातीत काहीतरी दुखलं. ते केवळ बाबांसाठी नव्हतं, हे तिला कळलं, आणि त्याचाही तिला राग आला.

पण आरोपाला पुरावा लागतो. शुक्रवारी तिघं हॉटेलात गेली – बाबा आणि कंडक्टरकाका त्यांच्या नेहमीच्या खिडकीपाशी, ती चार हात पलीकडे, अनोळखी असल्यासारखी. बाबांना फक्त बाटली भरायची होती. खाण्याची जबाबदारी काकांनी आनंदाने घेतली होती. बाबांनी हेरगिरी इतकी मनावर घेतली, की वर्तमानपत्र उलटं धरलं आणि दोन चमचे सूप पँटवर सांडलं.

तिचं सूप तो स्वतः घेऊन आला.

“आज मांजराची तब्येत?”

“बिघडलीय,” ती थंडपणे म्हणाली.

त्याचा चेहरा झर्रकन उतरला. “काय झालं? फार का?”

*नाटकी,* तिने मनात म्हटलं. पण तो गेल्यावरही तिचा चमचा बराच वेळ वाडग्यातच फिरत राहिला.

बाहेर पडल्यावर बाबांनी बाटली तिच्या हातात दिली. “तुझ्या वाडग्यात पान होतं. आमच्यात नव्हतं. आणि तुला तो स्वतः वाढतो. आम्हाला तो म्हातारा.”

“म्हणजे त्याला माझी ओळख पटलीय.”

“पटलीय खरी,” बाबा ओल्या पँटकडे बघत म्हणाले. “कसली, ते तू बघ बाई.”

प्रयोगशाळेत दोन चंबू शेजारी शेजारी उभे राहिले. तिचं सूप लवकर विटकरी झालं: ०.४. बाबांचं तिच्या अडीचपट द्रावण पिऊन मग विटकरी झालं: १.०२.

ती तशीच उठली.

दुपारचे चार वाजले होते. हॉटेल दोन जेवणांच्या मधल्या विश्रांतीत होतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या, फरशी ओली, म्हातारा वाढपी फडकं पिळत होता. ती थेट स्वयंपाकघरात शिरली. आचारी एका ताटलीत मीठ तोलत होता – बारीक काट्यावर, ती स्वतः तोलते तसंच, श्वास रोखून. तिने दोन्ही बाटल्या ओट्यावर ठेवल्या. जरा जोरातच.

“ही माझ्या वाडग्यातली. ही पलीकडच्या टेबलावरची. एकाच दिवशी, एकाच वेळी भरलेल्या. हिच्यात पॉइंट चार, हिच्यात एक ग्रॅम. काय म्हणायचंय तुम्हाला?”

त्याने हात पुसले. बाटल्यांकडे पाहिलं. “एक ग्रॅम?”

“एक पूर्णांक शून्य दोन.”

“मग कार्डावर किती छापलंय?”

“...एक.”

“मग खोटं काय आहे यात?”

“माझं!” ती म्हणाली. “म्हणजे... माझ्या वाडग्यातलं खोटं आहे! तपासणीवाली आली म्हणून तुम्ही...”

“थांबा, थांबा. तपासणीवाली कोण?”

“मी! अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत असते मी. जसं काही तुम्हाला माहीतच नाही!”

“हे मला आत्ता कळतंय!” तो थक्क होऊन म्हणाला. “मला आधी वाटलं, कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलवाल्याने पाठवलंय तुम्हाला, सूपाची कृती चोरायला. दोन दिवस मी भांड्यावर झाकण ठेवून फिरत होतो.”

“मग मीठ का कमी केलंत?”

तो नुसता बाजूला सरकला.

त्याच्या मागे, शेगडीच्या शेवटच्या बर्नरवर, एक छोटंसं पातेलं होतं. जेमतेम दीड वाडगा सूप मावेल एवढं. त्याच्या दांडीला पांढरी चिकटपट्टी लावलेली, आणि तिच्यावर पेनाने लिहिलेलं – ‘मांजर’.

ती बघतच राहिली.

“माझे वडील आचारी होते,” तो म्हणाला. “आयुष्यभर सगळ्यांच्या जेवणाची चव बघितली, स्वतःच्या रक्तदाबाची नाही बघितली. दवाखान्यात होते तेव्हा आई रोज सूप न्यायची... अशाच बाटलीत. औषधाच्या. कुणी विचारलं तर काहीबाही सांगायची. घरातलं आजारपण चारचौघांत बोलायचं नसतं म्हणे.” त्याने पातेल्याची दांडी उगाच सरळ केली. “तुम्ही मांजर म्हणालात, ते दोन दिवसांनी उमगलं – कुणीतरी आजारी माणूस आहे हे. एकदम कमी केलं असतं तर ‘त्याने’ तोंड वाकडं केलं असतं. म्हणून थोडं थोडं उतरवत आणलं. जीभ हळूहळू शिकते.”

तिने दांडीवरच्या त्या शब्दावरून बोट फिरवलं.

“ते बाबा आहेत माझे,” ती म्हणाली, आणि मग सगळंच बाहेर आलं – सहा किलो, एकशे छप्पन्न, चीजचा तुकडा. “दुसरी बाटली त्यांची. तीन आठवडे इथेच जेवत होते ते.”

“खिडकीजवळचे? जुनी बस कुठल्या थांब्यावर बंद पडली होती, यावरून रोज भांडतात ते दोघं?” त्याने कपाळावर हात मारून घेतला. “अहो, ते मांजर माझ्यासमोर बसून साधं सूप पीत होतं, आणि मी त्यांच्यासाठी वेगळं केलेलं तुम्हाला पाजत होतो!”

“चूक माझी आहे.” हे वाक्य तिने नोकरीत चार वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं. “नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते, एकाच ताटातून नमुना घ्यायचा नाही. आणि मी प्रत्येक वेळी... माझ्याच वाडग्यातून घेतला.”

“मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं.”

“तुम्ही मला विचारलंत?”

“विचारलं की. रोज. मांजर कसं आहे म्हणून.”

तिला हसायला आलं, आणि त्याच वेळी डोळेही भरले. एकाच चंबूत दोन रंग. तिने मान फिरवली. ओट्यावर पेल्यात पुदिन्याची जुडी उभी होती.

“आणि ते पान?” तिने बारीक आवाजात विचारलं. “तेही मांजरासाठी?”

“नाही...” तो मीठ तोलायच्या काट्याकडे बघत म्हणाला. “पान मांजरासाठी नव्हतं.”

काटा रिकामा होता. तरी दोघंही त्याच्याकडेच बघत होती.

“आता तरी विश्वास बसला?” त्याने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. डोळे पुसले, ताठ उभी राहिली. “थोडक्या नमुन्यांवर एकदा फसलेय मी. आता नीट घ्यायचे. निरनिराळ्या दिवशी. माझ्या वाडग्यातून नाही.”

“मग कुणाच्या?”

“तुमच्या. तुम्ही स्वतः जे खाता, त्यातून.”

“मी चारला खातो. इथेच. उभ्या उभ्या, भांड्यातूनच.”

“हे तब्येतीला चांगलं नाही. बसून खायचं. ताटात घेऊन. सावकाश.”

“एकट्याने बसून जेवायचा कंटाळा येतो,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “किती नमुने लागतील?”

“किमान तीस.”

“बापरे... तीस दिवस?”

“घाई असेल तर राहू दे.”

“नाही नाही,” तो घाईघाईने म्हणाला. म्हाताऱ्या वाढप्याने न सांगताच टेबलावरच्या दोन खुर्च्या सुलट्या करून खाली मांडल्या, आणि फडकं घेऊन निघून गेला. “बस ना,” आचारी म्हणाला. ‘तुम्ही’ कुठे गळून पडलं, ते त्यालाही कळलं नाही. तिला कळलं, तिने ते उचलून परत दिलं नाही.

पुढचा महिनाभर त्या छोट्या पातेल्यातलं सूप डब्यातून बाबांकडे गेलं, आणि महिन्याअखेर डॉक्टरांचा पट्टा एकशे चौतीसवर थांबला. “असंच चालू द्या,” ते म्हणाले; आणि शुक्रवारी बाबा पुन्हा त्यांच्या खिडकीपाशी बसले. हेरगिरी संपली होती, वर्तमानपत्र सुलटं होतं. कंडक्टरकाका बस डाव्या वळणावर बंद पडल्याचं ठासून सांगत होते. ती शेजारच्या खुर्चीवर होती, केस धुतलेले.

“मांजराची ऑर्डर!” म्हातारा वाढपी आत ओरडला.

“म्याऊ,” बाबा मोठ्याने म्हणाले. पलीकडच्या टेबलावरचा एकजण खदखदून हसला. बाबांनी चमचा उचलला. खरंच, भूक लागली होती त्यांना.

वाडगे आचारी स्वतः घेऊन आला. बाबांनी आपल्या वाडग्यात डोकावलं, मग मुलीच्या.

“चिमटे, माझ्यात पान नाही अजून.”

“ते मांजरासाठी नसतं, बाबा,” आचारी म्हणाला, आणि कान लाल करून आत पळाला.

तिचा चमचा हवेतच थांबला. *बाबा? माझ्याशी बोलताना हा त्यांना ‘काका’ म्हणायचा ना परवापर्यंत? हे कधीपासून?* जुन्या सवयीने भुवया आक्रसल्या, संशयाने मान वर काढली. पण तिने तो पुढे तपासला नाही. पान चिमटीत धरलं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि खाऊन टाकलं.

आज चार वाजता एकोणिसावा नमुना होता. म्हणजे अकरा उरले. किमान तीस, असं ती म्हणाली होती... जास्तीत जास्त किती, ते कुणी विचारलंच नव्हतं.